अर्ध्या सुताची खाच

सोलापूर,
शनिवार रात्र

चि. ताईस अनेक आशीर्वाद.

बुधवारी राऊटर टेबलवरून, म्हणजे आपल्या लाकूड कोरायच्या मशीनवरून, देव्हाऱ्याच्या दाराची पट्टी उडाली आणि मी तुझ्यावर ओरडलो, तेही शेडमधल्या दोन्ही पोरांसमोर आणि चहा घेऊन आलेल्या माणसासमोर. तू काहीच बोलली नाहीस. मशीन बंद केलंस, भुस्सा झाडलास आणि बाहेर जाऊन उभी राहिलीस. त्यानंतर तीन दिवस तू राऊटर टेबलला हात लावलेला नाही. देव्हाऱ्याची दारं भिंतीला टेकून तशीच उभी आहेत. देव्हारा अक्षय्य तृतीयेला द्यायचा आहे हे तू विसरणारी नाहीस. तरी थांबली आहेस, म्हणजे माझं बोलणं वर्मी लागलं. समोर बसून सांगायला गेलो तर माझा आवाज पुन्हा चढेल, म्हणून हे पत्र.

‘पुण्याला जाऊन एवढं शिकलीस ते कशाला,’ असं मी म्हणालो. ते मी परत घेतो. तू शिकवलेलं विसरली नव्हतीस. उलट शिकवलं तेच करत होतीस, आणि तरीही पट्टी उडाली. मी त्या रात्री झोपलो नाही. पहाटे शेडमध्ये जाऊन लाकूड टेकवायची ती फेन्स बघितली, उडालेली पट्टी बघितली, तिच्यातली खाच मोजली, तेव्हा काय झालं ते समजलं. ते आधी सांगतो.

दाराच्या चौकटीत फळीची कड बसवायला तुला अडीच सूत रुंद खाच हवी होती, सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. बिट, म्हणजे लाकूड खाणारं फिरतं हत्यार, दोन सुताचं. म्हणून पहिल्या फेरीत दोन सुताची खाच पाडलीस आणि राहिलेलं अर्धं सूत काढायला फेन्स ठोकून अर्धं सूत आपल्याकडे घेतलीस. मग पुन्हा उजवीकडून डावीकडे पट्टी सरकवलीस, नियमाप्रमाणे. तिथंच घात झाला.

टेबलासमोर उभं राहून वरून बघ. राऊटर उलटा लावलेला असल्यामुळे बिट घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतं. म्हणजे बिटाची तुझ्या पोटाकडची बाजू डावीकडून उजवीकडे पळते आणि फेन्सकडची बाजू उजवीकडून डावीकडे. लाकूड उजवीकडून डावीकडे ढकललं की तुझ्याकडच्या बाजूचं पातं त्याला सामोरं येतं. हाताला विरोध जाणवतो, लाकूड फेन्सला चिकटून राहतं, ढकलशील तेवढंच पुढं जातं. नवी खाच पाडताना बिट पूर्ण लाकडात असतं, तेव्हा दोन्ही बाजू एकमेकींना सांभाळून घेतात. पण खाच एकदा पडली आणि तिची फक्त एक भिंत खायची राहिली की हे सांभाळणं संपतं. तू फेन्स आपल्याकडे घेतलीस, त्यामुळे फेन्सजवळची भिंत बिटाच्या मागच्या बाजूला आली. ती बाजू तुझ्या हाताच्याच दिशेनं पळत होती. तिनं लाकूड कापलं नाही, धरलं आणि फेकलं.

तेच अर्धं सूत फेन्स मागं नेऊन, म्हणजे तुझ्यापासून लांब सारून काढलं असतं, तर तुझ्याकडची भिंत खाल्ली गेली असती आणि काहीही झालं नसतं. फरक एवढाच, फेन्सला हातोडीचा ठोका कुठल्या बाजूनं मारला.

म्हणून ‘उजवीकडून डावीकडे’ हे वाक्य पाठ करून भागत नाही. बटण दाबायच्या आधी दर वेळी स्वतःला विचारायचं, आता बिटाची कुठली बाजू लाकूड खाणार आहे? ती बाजू कुठल्या दिशेनं पळते? माझा हात तिच्यासमोर जातोय की तिच्या मागून? पेन्सिलीनं टेबलावर बिटाभोवती बाण काढून ठेव. मी गुरुवारी काढला होता, तू बघितलास का माहीत नाही.

खाच अगदी मध्यावर हवी असेल तर आणखी सोपी रीत आहे. फेन्स हलवायचीच नाही, पट्टी फिरवून दुसरी बाजू फेन्सला लावायची. पण त्यातही एक खोच आहे. पहिल्या फेरीला बिट पट्टीच्या मध्यापासून किंचित तुझ्या बाजूला हवं, फेन्सच्या बाजूला नाही. वीस मिलिमीटरची पट्टी धर. बिटाचा मध्य फेन्सपासून दहा मिलिमीटरवर न ठेवता पावणेअकरावर ठेव. पट्टी फिरवलीस की उरलेलं लाकूड आपोआप तुझ्याकडच्या बाजूला येतं. मध्य सव्वानऊवर ठेवलास तर तेच उरलेलं लाकूड फेन्सकडे जातं आणि बुधवार पुन्हा घडतो. कागदावर काढून बघ, माझ्यावर विश्वास ठेवू नकोस.

आता ओरडलो का, ते.

माझ्या डाव्या हाताच्या तर्जनीचं टोक पटाशीनं गेलं, असं मी तुम्हा दोघा भावंडांना सांगत आलो. ते खरं नाही. ते राऊटर टेबलनं गेलं, १९९६ च्या पावसाळ्यात, तुझा जन्म व्हायच्या आधी. तेव्हा मी दुसऱ्यांच्या शेडमध्ये कामाला होतो. हातातला राऊटर माझ्याइतका तिथं कोणाला चालवता येत नव्हता. हातात असताना तो घड्याळाप्रमाणे फिरतो आणि आपल्यासमोरच्या कडेवर डावीकडून उजवीकडे न्यायचा असतो. ती दिशा माझ्या अंगात मुरलेली होती. एका दिवशी घाईच्या कामासाठी तोच राऊटर प्लायवूडच्या तुकड्याखाली दोन बोल्टनं उलटा टांगला गेला. वर ना आडोसा, ना धड फेन्स. मला वीतभर लांबीच्या पट्ट्यांना गोला मारायचा होता, म्हणजे कड गोल करायची होती. पहिली पट्टी मी सवयीनं डावीकडून उजवीकडे सरकवली. ती कुठं गेली ते मला दिसलंच नाही. ती होती तिथं माझं बोट होतं.

पंधरा वर्षं हत्यार धरलेल्या माणसाला हे झालं याची मला लाज वाटली. पटाशी म्हटलं की कोणी जास्त विचारत नाही. पण त्या खोटं बोलण्याचं काय झालं बघ. लहानपणी तू पटाशीला भ्यायचीस. पटाशी टेबलावर असली तर तू खोलीत यायची नाहीस. ज्याला भ्यायचं ते मात्र मी तुला कधी सांगितलं नाही. बुधवारी पत्र्याला ती पट्टी आदळल्याचा आवाज आला तेव्हा मला तुझं बोट दिसलं. म्हणून आवाज चढला.

तुझं बोट वाचलं ते नशिबानं नाही, हेही सांगतो. तुझ्या हातात ढकलपट्टी होती. पट्टी निसटली तेव्हा ढकलपट्टी पुढं घसरली, तिला बिटानं चावा घेतला आणि हात मागं राहिला. ती चावलेली ढकलपट्टी मी खिळ्याला टांगून ठेवली आहे, टाकू नकोस. नवीन करून घे, तीही लाकडाचीच, लोखंडाची कधी नाही.

तुला वाटेल, सावध राहिलं, डोळे उघडे ठेवले तर हात मागं घेता येतो. येत नाही. आपला राऊटर मिनिटाला २२,००० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला साडेतीनशेच्या वर. काहीतरी बिघडलंय हे डोळ्याला दिसून हात हलायला सेकंदाचा पाचवा भाग तरी जातो. तेवढ्यात बिट सत्तरच्या वर फेरे घेतं. दोन पात्यांचं बिट असेल तर जवळपास दीडशे वेळा पातं फिरून जातं. या मशीनवर चूक सुधारायला वेळ नसतो. जो विचार करायचा तो बटणाच्या आधी.

तुझ्या आजोबांचं सांगतो. ते मागावर होते तेव्हा शेडमध्ये नवीन आलेल्या पोराला पहिली गोष्ट ही शिकवायचे की धोटा, म्हणजे मागात आडवा धागा नेणारा ठोकळा, ज्या रेषेत पळतो त्या रेषेत उभं राहायचं नाही. धोटा रोज उडत नाही. महिनामहिना उडत नाही. पण उडतो तेव्हा त्याच रेषेत उडतो, आणि त्याचं टोक लोखंडाचं असतं. आपल्या सोलापुरात मागाच्या शेडमध्ये वाढलेल्या कुठल्याही म्हाताऱ्याला विचार, धोट्यानं डोळा गेलेला एखादा माणूस त्याला आठवेल. राऊटर टेबलच्या दोन्ही टोकांना तशीच रेषा असते. लाकूड ओढलं गेलं तर डावीकडे जातं, अडून परत आलं तर उजवीकडे येतं. बुधवारी पट्टी जिथं आदळली तिथं पत्र्याला पोचा पडला आहे. तो जमिनीपासून साडेतीन फुटांवर आहे, मी मोजला. शेडमधला धाकटा कामगार पोरगा चहा प्यायला तिथंच टेकतो. त्या जागी मी आता प्लायवूडच्या फळ्या रचल्या आहेत, म्हणजे तिथं कोणी उभंच राहणार नाही. तूही टेबलाच्या समोर किंचित बाजूला उभी राहा, पट्टीच्या रांगेत नाही.

आणि पट्टी कधीही बिट आणि फेन्स यांच्या मधून घालायची नाही. बिटाचा काही भाग फेन्सच्या पोटात लपलेला हवा आणि उरलेला बाहेर. पट्टीची रुंदी कमी करायला म्हणून लोक बिट आणि फेन्स यांच्यामध्ये फट ठेवतात आणि पट्टी तिथून ढकलतात. लाकूड त्या फटीत अडकलं की बंदुकीच्या गोळीसारखं सुटतं. रुंदी कमी करायचं काम रंध्याचं, करवतीचं.

लहान तुकड्यांबद्दल मी आयुष्यभर एकच रीत पाळली आहे, बोट गेल्यानंतर. लहान तुकडा मशीनवर न्यायचाच नाही. वीतभर पट्टीला गोला हवा असेल तर दोन-तीन फुटांच्या रुंद फळीच्या कडेला मारायचा आणि मग तेवढी पट्टी करवतीनं उतरवायची. देव्हाऱ्याच्या कळसाखालच्या पट्ट्या तू अशाच कर. हात बिटापासून सहा इंचांच्या आत आणायचा नाही, हे माप टेबलावर लाल रंगानं आखून घे. तुकडा एवढा लहान असेल की हात त्या रेषेच्या आत येतोच, तर ते काम त्या मशीनचं नाही.

फळीच्या टोकाला, आडव्या रेषेवर गोला मारताना शेवटी कोपरा फुटतो हे तुला माहीत आहे. मागं एक चौकोनी ठोकळा लावून दोन्ही एकत्र ढकललं तर कोपराही वाचतो आणि अरुंद टोक फेन्सच्या फटीत शिरून फिरतही नाही. आधी आडवी टोकं, मग उभ्या कडा. टोकाला थोडं फुटलं तर नंतरची उभी फेरी ते साफ करते.

कमानीबद्दल मला जास्त काळजी आहे. देव्हाऱ्याची कमान तू बेअरिंगच्या बिटानं करणार, तिथं फेन्स नसते, पट्टी नुसती हातावर असते. बिटाच्या उजवीकडे टेबलात ती पितळी खुंटी बसवल्याशिवाय सुरुवात करू नकोस. लाकूड आधी खुंटीला टेकवायचं, मग हळूहळू वळवून बिटाला भेटवायचं, बेअरिंगला पूर्ण टेकलं की मग खुंटी सोडली तरी चालते. थेट बिटावर नेलंस तर पहिल्याच स्पर्शाला हिसका बसतो. कमानीच्या एका उतारावर लाकडाची रेषा आपल्या बाजूनं असते, दुसऱ्या उतारावर विरुद्ध असते. तिथं ढलपी निघते, आणि ढलपीबरोबर तुकडा ओढला जातो. म्हणून जिगसॉनं कमान रेघेच्या एवढी जवळ काप की राऊटरला अर्ध्या सुतापेक्षा कमी खायला उरेल. गाठ असलेली फळी कमानीला घेऊच नकोस, कितीही सुंदर दिसली तरी.

एका फेरीत एका सुतापेक्षा जास्त खोल खायला लावू नकोस. घाईत दोन-तीन सूत एकदम काढलं तर वेळ वाचल्यासारखा वाटतो. मशीनचा आवाज जड होतो, लाकूड जळतं, हात जोर लावायला लागतो, आणि जोर लावलेला हात लाकूड सुटलं की पुढं जातो. माझ्या मते निम्मे अपघात या जोरानं होतात. बिटाची धार गेली असेल तरी हेच होतं, म्हणून राळ चिकटलेलं बिट तसंच वापरू नकोस.

तू पुण्याहून आणलेलं ते मोठं बिट, साडेतीन इंचांचं, दाराच्या फळ्यांना उतार काढायचं. त्यावर मी हिशोब केला. आपलं छोटं बारा मिलिमीटरचं बिट २२,००० फेऱ्यांवर फिरतं तेव्हा त्याची धार ताशी पन्नास किलोमीटरनं पळते. त्याच फेऱ्यांवर साडेतीन इंची बिटाची धार ताशी ३६५ किलोमीटरच्या वर जाते. आपल्या स्टेशनातून जाणारी कुठलीही गाडी एवढी पळत नाही. म्हणून ते बिट लावलं की वेगाची डायल खाली, १०,००० ते १२,००० च्या दरम्यान, आणि ते बटणाच्या आधी तपासायचं. दांडा चार सुताचाच हवा, दोन सुताचा नाही. हातातल्या राऊटरला ते बिट कधीही लावायचं नाही. शेडमधल्या पोरांनाही हे सांग, कारण ती विचारत नाहीत, लावून बघतात.

कॉलेटचं, म्हणजे बिटाचा दांडा आवळून धरणाऱ्या तोंडाचं, थोडक्यात सांगतो. दोन सूत म्हणजे ६.३५ मिलिमीटर. बाजारात ६ मिलिमीटर दांड्याची बिटंही मिळतात आणि डोळ्याला फरक कळत नाही. ६ चं बिट ६.३५ च्या कॉलेटमध्ये आवळल्यासारखं वाटतं, आणि चालू झाल्यावर वर सरकत येतं. नवीन बिट आणलं की कॅलिपरनं मोज. दांडा तळापर्यंत घालून मग एक सूत वर ओढायचा आणि आवळायचा. पात्याजवळची गोलाई कॉलेटमध्ये जाऊ द्यायची नाही.

आता लाईट. उन्हाळ्यात आपल्याकडे लाईट जाते आणि कधी येईल सांगता येत नाही. राऊटर चालू असताना लाईट गेली की सगळे बाहेर जाऊन वाऱ्याला बसतात, बटण चालूच राहतं. मग कोणीतरी म्हणतं, तेवढ्यात बिट बदलून घेऊ. हातात पाना असताना लाईट आली तर काय होईल ते मी लिहीत नाही. टेबलाला असा स्वीच बसवायचा आहे जो लाईट गेली की स्वतः बंद होतो आणि लाईट आली तरी हिरवं बटण पुन्हा दाबल्याशिवाय सुरू होत नाही. सोमवारी मी तो आणतो, लाल बटण मोठं असलेला, गुडघ्यानं दाबता येईल असा. तोवर आणि त्यानंतरही, बिटाला हात लावायच्या आधी पिन सॉकेटमधून बाहेर, आणि ती पिन डोळ्यांसमोर टेबलावर. दुसऱ्याला ‘काढ रे’ सांगून नाही, स्वतः काढायची.

ऊन हा आपल्या गावचा वेगळा विषय आहे. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी एकनंतर तळहाताला घाम सुटतो, ढकलपट्टी हातातून सरकते, डोळ्यांत घाम उतरतो आणि माणूस चष्मा काढतो. त्या वेळात घासकाम कर, जोडकाम कर, मापं घे, राऊटर चालवू नकोस. चष्मा काढावासा वाटला म्हणजे मशीन बंद करायची वेळ झाली असं समज. ओढणी नको, हे तुला सांगावं लागत नाही, पण वेणी वर बांध आणि हातातल्या बांगड्या, मनगटावरचा लाल दोरा उतरवून ठेव. देवाचा दोरा आहे म्हणून आई काही बोलली तर मी तिला समजावीन. हातमोजे तर नकोच. कुसळ बोचू नये म्हणून पोरं घालतात, पण मोज्याचा एक धागा बिटाला मिळाला की मागोमाग हात जातो.

तोंडाला तू टॉवेल बांधतेस. आपल्या गावचा टॉवेल चांगला जाड असतो, पण राऊटरचा बारीक भुस्सा त्यातून आत जातो. संध्याकाळी टॉवेलची आतली बाजू बघ. लाकडाच्या भुश्श्यानं कर्करोग होतो असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं १९९५ मध्येच नोंदवलं आहे. एमडीएफमध्ये, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीत, तर फॉर्मल्डिहाइडचा गोंद असतो, त्यालाही त्याच यादीत घातलेलं आहे. एन-९५ चा मास्क घाल, आणि फेन्सच्या मागं व्हॅक्यूमचा पाईप जोडल्याशिवाय एमडीएफ कापू नकोस.

कानांबद्दल तुला आजोबांची आठवण पुरेल. तू लहान असताना त्यांच्या मांडीवर बसून त्यांच्या कानात ओरडायचीस, तुला तो खेळ वाटायचा. चाळीस वर्षं मागाचा खडखडाट ऐकून त्यांना शेवटी घरातली भांडी पडल्याचंही कळत नव्हतं. राऊटर लाकडात शिरला की त्याचा आवाज १०० डेसिबलच्या आसपास जातो. अमेरिकेतल्या कामगारांच्या आरोग्याचा अभ्यास करणाऱ्या सरकारी संस्थेचा हिशोब आहे की ८५ डेसिबल आठ तास चालतो, त्यापुढं प्रत्येक तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे १०० ला पंधरा मिनिटं. तू दिवसाचे दोन-तीन तास त्याच्यासमोर असतेस. गाण्याचे इअरफोन म्हणजे कानाचं संरक्षण नाही, उलट त्यात मशीनचा बदललेला आवाज कळत नाही, आणि मशीन बिघडायच्या आधी आवाजातून सांगत असतं.

हे सगळं वाचून तू मशीनपासून लांब राहावंस असं मला वाटत नाही. तू परत आलीस तेव्हा गल्लीतले लोक म्हणाले, पोरीला शेडमध्ये कशाला उभं करता. मी त्यांना उत्तर दिलं नाही, तुझं काम दाखवलं. तुझ्या हाताला माझ्यापेक्षा बारीक माप कळतं. मला त्या तर्जनीनं सांध्याची फट लागत नाही, मधलं बोट फिरवावं लागतं. जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेच्या थंडीत ते तुटकं टोक अजून ठणकतं. तुझी दहाही बोटं मला तशीच हवी आहेत आणि तुझ्याकडून मशीनवर कामही हवं आहे, दोन्ही.

उद्या रविवार, पोरांना सुट्टी आहे. ऊन चढायच्या आत, सातला शेडमध्ये ये. खराब झालेल्या चौकटीच्या बदल्यात सागवानाची नवीन पट्टी मी वखारीतून आणून रंधून ठेवली आहे. वीस मिलिमीटर भरते, तरी तू मोज. फेन्स तू लाव, बाण बघ, लाकूड दाबून धरणारी फणीपट्टी बिटाच्या अलीकडे आवळ, बिटाच्या अगदी समोर नाही, नाहीतर खाच आवळली जाते. आधी मशीन बंद ठेवून एक कोरी फेरी ढकलून दाखव. मग मी पिन लावतो आणि स्वीचपाशी उभा राहतो. तू मान हलवल्याशिवाय दाबणार नाही.

तुझा,
अप्पा

ता. क. कानावरचे जाड मफ आणि एन-९५ चे मास्क हत्यारांच्या कपाटात वरच्या खणात आहेत. मफ एकच जोडी मिळाली, ती तुझी. आईला बोटाचं खरं माहीत आहे, तुझ्या धाकट्या भावाला मी स्वतः सांगेन.